खंदकवेढी गढी (इंग्लंड)

मध्ययुगीन इंग्लंडमधील जमीनदाराचा, पाण्याच्या रुंद खंदकाने वेढलेला वाडा किंवा त्याची जागा. अशा सुमारे ६,००० जागा ज्ञात असून त्यांतील बहुतेक १२५० ते १३५० या शंभर वर्षांतल्या आहेत. मध्य व पूर्व इंग्लंडमध्ये त्या सर्वांत दाट आढळतात. तिथल्या चिकणमातीत खणलेल्या चरात पाणी सहज टिकते.

खंदक म्हटला की लढाई डोळ्यांसमोर येते. इथे मात्र कारण प्रतिष्ठेचे होते. चोर आणि मोकाट जनावरे अडत. कसलेल्या सैन्यापुढे बहुतेक खंदकांचा निभाव लागला नसता. भिंतींवर किल्ल्यासारख्या चर्या, म्हणजे माथ्यावरचे दातेरी कठडे, बांधायच्या तर राजाचा परवाना काढण्याची रीत होती. नुसत्या खंदकाला तो लागत नसे. त्यामुळे लहान जमीनदारही मजूर लावून घराला किल्ल्याची ऐट आणू शके. नॉरफोकमधील वीटिंग येथे गारगोटीच्या दगडांचा वाडा बाराव्या शतकात उभा राहिला, खंदक मागाहून आला. त्याला आजही ‘वीटिंग कासल’ म्हणतात. किल्ला तो कधीच नव्हता.

खंदकात मासेही पाळत. धर्माने मांस वर्ज्य केलेल्या दिवशी ते ताटात येत. काही ठिकाणी मधल्या बेटावर बाग असे.

आज बहुतेक ठिकाणी वाडा उरलेला नाही. गवताने झाकलेला चौकोनी उंचवटा, भोवती शेवाळलेला, कुठे उन्हाळ्यात आटणारा चर, आणि एका बाजूला आत जाण्यापुरता मातीचा भराव. अनोळखी माणसाला ते गुरांचे डबके वाटावे. या जागेचे खरे धन तळच्या गाळात आहे. तिथे प्राणवायू पोचत नाही, म्हणून लाकूड, चामडे, बिया, परागकण शतकानुशतके कुजत नाहीत. जुन्या पुलाचा खांब किंवा फेकून दिलेला जोडा तिथेच सापडू शकतो. चर उपसून ‘स्वच्छ’ करणे म्हणूनच घातक. पाणी खाली गेले, गाळ सुकला, तरी हानी तीच.

यांतील महत्त्वाच्या जागांना १९७९ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याचे संरक्षण मिळते. जमीन मालकाचीच राहते. खणायला, भर घालायला किंवा बांधकामाला मात्र शासनाची पूर्वसंमती लागते, आणि धातुशोधक यंत्र फिरवायलाही परवानगी हवी. याबाबत ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ ही संस्था शासनाला सल्ला देते. संरक्षित हद्दीतली आधुनिक कुंपणे, फाटके, डांबरी वाटा बहुधा वगळलेल्या असतात. त्यांच्याखालची माती वगळलेली नसते.