डुकरे, बांधकाम आणि ८,००० व्होल्टची तार

कुंपणाच्या तारेत थेट घरची लाइन सोडली आणि माणूस दगावला, अशी बातमी अधूनमधून येतेच. त्यामुळे पाळीव डुकरांना बांधकामापासून दूर ठेवायला झटका मशीनचे, म्हणजे तारेत थांबून थांबून क्षणिक झटके सोडणाऱ्या यंत्राचे, कुंपण घाला म्हटले की हमखास विचारला जाणारा प्रश्न: २३० व्होल्टने जीव जात असेल, तर ८,००० व्होल्टचे हे मशीन सुरक्षित कसे? चूक होते ती नुसते व्होल्ट मोजण्यात. अंगातून किती करंट गेला आणि किती वेळ गेला, यावर सगळे अवलंबून असते. ओल्या अंगाचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर करंट वाहतो आणि वाहतच राहतो. १०-१५ मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात, तार सोडवत नाही. मग हृदयाची लय बिघडायला सेकंद-दोन सेकंद पुरतात. झटका मशीनचा करंट काही अँपिअरचा, म्हणजे कितीतरी मोठा असतो, पण तो सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागात संपतो. पुढचा झटका येईपर्यंत सुमारे सेकंदभर तारेत काहीच नसते. तेवढ्यात अंग मागे घेता येते.

हे साधते कसे? १२ व्होल्टच्या बॅटरीवर आतले सर्किट एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) साधारण ६०० व्होल्टपर्यंत भरते. तो १५ मायक्रोफॅरडचा असेल, तर ½CV² या सूत्राने साठलेली ऊर्जा २.७ जूल. थायरिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, उघडला की ती सगळी एका दमात ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्यात रिकामी होते. दुय्यम वेटोळ्यात तेरापट फेरे असले, की तारेवर ७,८०० व्होल्टचे टोक उमटते. आयईसी ६०३३५-२-७६ या झटका मशीनच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकानुसार ५०० ओहमच्या भारात एका झटक्याची ऊर्जा ५ जूलपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणून खांब, इन्सुलेटर, फाटक यांत हवा तेवढा जुगाड करा. मशीन मात्र तयार, मानकातलेच घ्या. १२ व्होल्टची बॅटरी नुसती तारेला जोडली तर डुकराला पत्ताही लागत नाही, आणि घरची लाइन जोडणे हा तर मनुष्यवधच आहे.

मशीनच्या खोक्यावर कुंपणाची लांबी म्हणून छापलेल्या ‘५० किलोमीटर’ला फार भुलू नका. तो आकडा गवताचे पातेही न टेकलेल्या एकेरी तारेचा असतो. बघायचे ते बाहेर पडणारे जूल. काही कंपन्या साठवलेले जूल मोठ्या अक्षरात छापतात. डुकरे पळवणाऱ्या अल्ट्रासॉनिक भोंग्यांबद्दल तर न बोललेलेच बरे. त्या आवाजाला ती लवकरच सरावतात.

ताज्या उकरलेल्या मातीचे डुकराला भारी आकर्षण. पायाचे चर ते पुन्हा उकरते, ओल्या गिलाव्याला अंग घासते. शिवाय ओल्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो. त्यात खुपसलेले मुस्कट भाजून निघते. त्यामुळे कुंपण बांधकामापासून निदान दोन मीटर दूर हवे. परांचीचे पाइप, बाहेर डोकावणाऱ्या सळया, पाणी मारून ओले ठेवलेले काँक्रीट, यातल्या कशालाही तार टेकली की झटका तिथेच जमिनीत उतरतो, आणि परांचीला हात लावलेल्या गवंड्यालाही तो बसू शकतो.

मोठ्या डुकरांसाठी दोन तारा पुरतात: एक जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरवर, दुसरी ४०-४५ वर. पिल्ले असतील तर खालची १०-१२ वर आणा. या उंचीमागे कारण आहे. डुकराच्या अंगावर राठ केस आणि जाड कातडी, पण नाकाचे टोक बिनकेसांचे, ओले आणि अतिशय संवेदनशील. नाकाला झटका बसला तर जनावर मागे सरते. तोच डोके तारेपलीकडे गेल्यावर कानाला किंवा मानेला बसला, तर ते पुढे मुसंडी मारते आणि तार घेऊनच जाते.

आता खरी गंमत जमिनीची. करंट तारेतून नाकात, खुरांतून मातीत आणि मातीतून अर्थिंगच्या सळईवाटे मशीनकडे परततो. ही वाट एकसर आहे, म्हणजे सगळे रोध एकामागोमाग येतात, त्यामुळे व्होल्टेज रोधांच्या प्रमाणात वाटले जाते. डुकराचा रोध ५०० ओहम धरा. कोरड्या मुरमाड जमिनीत १ मीटरच्या एकाच सळईचा रोध ९०० ओहमपर्यंत सहज जातो. मशीनचा स्वतःचा रोध सोडून दिला, तरी डुकराच्या वाट्याला १,४०० पैकी ५०० भाग, म्हणजे ३६ टक्के व्होल्टेज आले. बाकीचे सळईभोवतीच्या मातीने खाल्ले. तशाच तीन सळया तीन-तीन मीटरवर ठोकून एकमेकींना जोडल्या, तर रोध ३३० च्या आसपास येतो आणि वाटा ६० टक्क्यांवर जातो. मशीन तेच, बॅटरी तीच. सळया एकाच खड्ड्यात ठोकल्या तर हा फायदा मिळत नाही, कारण तिघीही तीच माती वापरतात. जागा ओलसर निवडा, उन्हाळ्यात पाणी घाला, आणि इमारतीच्या अर्थिंगपासून १० मीटर दूर राहा. सळया जस्त चढवलेल्या हव्यात. साध्या लोखंडी सळया गंजतात आणि गंज करंट अडवतो.

साइटवर आणखी एक पंचाईत असते. खडीच्या किंवा कोरड्या वाळूच्या ढिगावर उभ्या डुकराच्या खुरांखालीच वाट तुटते. अशा ठिकाणी तारेच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर ६० सेंटिमीटर रुंदीची कोंबडीजाळी अंथरून ती अर्थिंगला जोडा.

खांब म्हणून साइटवरचे सळयांचे तुकडे चालतात, तीन-चार मीटरवर एक. त्यांवर पीव्हीसी पाइपाचे तुकडे चढवा आणि तार त्या पाइपाला बांधा. जुन्या टायरचे तुकडे वापरू नका. त्या रबरात भरपूर कार्बन असतो आणि ओले झाले की त्यांतून करंट गळतो. मशीनपासून कुंपणापर्यंत घरगुती वायरही नको. तिचे आवरण साधारण हजार व्होल्टसाठी असते; मातीत पुरली की ८,००० व्होल्ट ते फोडून जातात. झटक्याच्या कुंपणासाठीची जाड आवरणाची केबल घ्या. बाइंडिंग वायरच्या गाठी सैल पडून ठिणग्या उडतात. काटेरी तारेत तर झटका कधीच सोडू नये. अडकलेल्याला सुटता येत नाही.

२.७ जूलचे मशीन सरासरी ०.३ अँपिअर घेते, म्हणजे दिवसाला ७ अँपिअर-तास. ४० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी उतरेपर्यंत जेमतेम तीन दिवस मिळतात. रोज तारेचे व्होल्टेज बघा, पण कुंपणाच्या टेस्टरनेच. साधा मल्टिमीटर जळेल. ३,००० च्या खाली गेले तर गळती शोधा. बहुतेक वेळा डुकरांनीच उकरलेली माती खालच्या तारेवर चढलेली असते. रात्री शांततेत ठिणगीची ‘टक, टक’ ऐकू आली की गळतीची जागा सापडली.

डुकरांना आधी छोट्या वाड्यात, तारेमागे भक्कम फळ्या किंवा जाळी लावून, ही तार ओळखू द्या. थेट साइटवर पहिला झटका बसला तर ती कुठे पळतील याचा नेम नाही. एकदा ओळखली की मात्र तार काढल्यावरही ती रेषा ओलांडायला ती तयार होत नाहीत. म्हणून ये-जा करायच्या जागी सुरुवातीपासून लाकडी फळीचे फाटक ठेवा, ज्यावर तार कधीच नव्हती. नाहीतर काम संपल्यावर मोकळ्या जागेतूनही त्यांना ढकलून न्यावे लागेल.