गोव्यातले परस, कुंड्या आणि माडाचा वाद

घराभोवतीच्या बागेवरून दोन पिढ्यांमध्ये जे खटके उडतात, ते आवडीनिवडीच्या खात्यात टाकले जातात. सासूला अळू, तांबडी भाजी आणि अबोली हवी, सुनेला मॉन्स्टेरा. पण हा फरक मुख्यतः जमीन, पाणी आणि मजुरी बदलत गेल्यामुळे पडला आहे, आणि ते लक्षात घेतले नाही तर दोघींवरही अन्याय होतो.

आजच्या आजी-आजोबांच्या हाताला वळण लागले ते गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त झाला त्याच्या आगेमागे. तेव्हा परसावर पैसा खर्च करायची रीतच नव्हती. न्हाणीचे पाणी पाटाने केळीला आणि अळवाला जाई. चुलीतली राख भाजीवर पडे. नारळाची सोडणे, म्हणजे वरची तंतुमय साले, माडाच्या बुंध्याशी पुरत. पावसात ती पाणी पीत आणि उन्हाळ्यात मुळांना ओल देत. बियाण्यासाठी ठेवलेला दोडका वेलीवरच वाळवून चुलीवरच्या धुरात टांगायचा आणि मृग लागला की फोडायचा. भेंडी, काकडी, चिबूड चतुर्थीपर्यंत हाताशी यायलाच हवेत, कारण गणपतीवर फळाभाज्या टांगायची माटोळी मोकळी कशी बांधणार? पेरणीचा दिवस असा देवघरातून ठरत असे.

मग गॅस आला आणि राख संपली. न्हाणी घरात आली आणि सांडपाणी सेप्टिक टाकीत गेले. पर्वरी-फोंड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी मुले माती पोत्याने आणतात, कोकोपीटच्या विटा विकत घेतात. कोकोपीट निघते सोडणातूनच. त्यांच्यात हौस कमी आहे असे मुळीच नाही. रोपाचे नाव, त्याला लागणारे ऊन, पानांवरचा रोग, सगळे ती बारकाईने पाहतात. मात्र खत, माती, बी यांतले घरात काहीच तयार होत नाही.

या फरकाला कायद्याची धार आली ती माडावरून. 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली झाड तोडायला परवानगी लागते. 2016 च्या सुरुवातीला दुरुस्ती करून माड या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. ‘माड आता गवत झाला’, असे लोक बोलू लागले. सरकारची बाजू अशी होती की म्हातारे, रोगट माड काढून नवे लावायचे तर शेतकऱ्याला परवानगीसाठी हेलपाटे पडतात. ही तक्रार खोटी नव्हती. विरोधकांचा आरोप होता की खरा फायदा सांगे तालुक्यातल्या एका मद्यप्रकल्पाला आणि जमिनी मोकळ्या करू पाहणाऱ्यांना होणार. माझ्या मते हेलपाटे कमी करायला परवानगीची पद्धत सुटसुटीत करणे पुरेसे होते; त्यासाठी सबंध गोव्यातल्या माडांचे संरक्षण काढणे चूकच होते. सरकार बदलल्यावर 2017 मध्ये माडाला राज्यवृक्षाचा दर्जा देऊन संरक्षण परत आणले गेले.

घराघरांतला वाद मात्र मिटला नाही. वडील म्हणतात, माझ्या बापाने लावलेला माड मी असेपर्यंत तुटणार नाही. मुलगा म्हणतो, नारळ गाडीच्या काचेवर पडतो, कौले फुटतात, आणि नारळ उतरवणारा पाडेली बोलावून बोलावून येत नाही. यात मुलाचा अडथळा खरा आहे. माडावर चढणारा माणूस दुर्मिळ झाला, त्याची मजुरी वाढली आणि वेळेवर न पाडलेला नारळ धोक्याचा ठरला. पूर्वी त्याच माडामुळे घरात खोबरे, तेल, झावळ्या, झाडूचे हीर सगळे मिळत असे. आज त्यातले बरेचसे दुकानातून येते.

याहूनही खोल अडचण मालकीची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगे-मुली समान वारस आहेत. ही चांगलीच गोष्ट. पण वाटणी रखडली की जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) नावे साचत जातात, त्यातली काही मुंबईत, काही परदेशात. अशा जागेत बाणवली या गावठी जातीचा माड कोण लावणार? तो धरायलाच 6-7 वर्षे घेतो आणि पुढे 80 वर्षेही उभा राहतो. नातवाला त्या जमिनीतला आपला वाटा कुठला हेच ठाऊक नसते. कुंडी मात्र त्याची एकट्याची असते, भाड्याचे घर बदलले तरी बरोबर नेता येते. तरुणांना झाडे लावायला सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी वाटणीचे कागद पुरे करायला घ्यावेत. भावंडे हयात आहेत तोवर ते सोपे असते.