तळावरची मुद्रा हा वयाचा दाखला नव्हे

जुन्या चिनी मातीच्या भांड्याच्या तळावर ज्या सम्राटाची मुद्रा, त्याच्याच काळातले ते भांडे, असा समज संग्राहकांमध्ये वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. ‘महान मिंग, छंगह्वा काळी निर्मित’ अशा अर्थाची सहा निळी अक्षरे मिंग घराण्यातील छंगह्वा सम्राटाच्या कारकिर्दीनंतर (१४६५–१४८७) दोनशे वर्षांनीही चिंगदेचन या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनमधील गावचे कारागीर बिनदिक्कत लिहीत असत. त्यामागे दर वेळी फसवणूकच असे, असे नाही. पूर्वसूरींच्या कामाविषयीचा आदरही होता, जरी आजचा विक्रेता त्या आदराची किंमत लाखांत लावत असला तरी.

उलट बाजू अधिक बोलकी आहे. १६७७ साली, खांगशी सम्राटाच्या अमदानीत, चिंगदेचनच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचे नाव घालण्यास मनाई केली, कारण भांडे फुटून उकिरड्यावर गेले की नावाचीही विटंबना होई. त्यामुळे त्या काळातील अनेक अस्सल भांड्यांच्या तळाशी नुसतीच रिकामी दुहेरी वर्तुळे, नाहीतर एखादे पान दिसते. आणि खांगशीचे नाव मिरवणारी कितीतरी भांडी प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची असतात.

म्हणून जाणकार मुद्रा सर्वांत शेवटी वाचतो. आधी तो भांडे उलटे धरून बुडाच्या कडेवर बोट फिरवतो आणि झिलई जिथे संपते तिथली उघडी माती किती बारीक आहे, कडेला घाट कसा दिला आहे, निळा रंग झिलईखाली कसा मुरला आहे, हे पाहतो.