वान्सापानाताईम

फिलिपीन्समधील एबीएस-सीबीएन या वाहिनीने दोन पर्वांत (१९९७–२००५ आणि २०१०–१९) प्रसारित केलेली अद्भुतरम्य कथांची कौटुंबिक दूरचित्रवाणी मालिका. एकच कथानक वर्षानुवर्षे न ताणता नवी गोष्ट, नवी पात्रे आणि नवे नट घेऊन ती येत असे. म्हणून तिला ‘मालिका’ म्हणण्यापेक्षा ‘कथामाला’ म्हणणे अधिक शोभते. भाषा फिलिपिनो, तीही मनिलात बोलली जाणारी, इंग्रजी शब्द सहज पोटात घेणारी. पहिले पर्व जून १९९७ मध्ये सुरू झाले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये थांबले. दुसरे सप्टेंबर २०१० ते मार्च २०१९ असे चालले. मधला साडेपाच वर्षांचा खंड वजा केला, तरी प्रसारणाचा एकूण काळ सोळा वर्षांच्या वर भरतो.

नाव : इंग्रजी परीकथेच्या आरंभी येणारे ‘वन्स अपॉन अ टाइम’ हे शब्द फिलिपिनो कानाला जसे ऐकू येतात तसे सलग लिहिले, की ‘वान्सापानाताईम’ तयार होते. फिलिपिनोचा पाया असलेल्या तागालोग भाषेला गोष्टीची स्वतःची सुरुवात आहे : ‘नोओंग उनांग पानाहोन’, शब्दशः ‘त्या पहिल्या काळी’. मराठी कहाणीत ‘आटपाट नगर होतं’ जे काम करते, तेच ती करते. ही हाताशी असताना परके शब्द का उचलले, याचा उलगडा दोन प्रकारे करता येतो. अमेरिकी राजवटीत, विशेषतः ऑगस्ट १९०१ मध्ये ‘थॉमस’ जहाजातून पाचशेच्या वर अमेरिकी शिक्षक येऊन पोहोचल्यावर, सार्वजनिक शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. गोष्टीची इंग्रजी सुरुवात मुलांच्या तोंडी रुळली ती शाळेतल्या वाचनपाठांमुळे, असे धरले तर हे नाव त्या शालेय वारशाची खूण ठरते. दुसरा उलगडा लेखनपद्धतीकडे बोट दाखवतो. इंग्रजी शब्द फिलिपिनो वर्णांत मोडून लिहिणे ही तिथली जुनी आणि थोडी खट्याळ सवय आहे; शाळेचे ‘इस्कुल’, शिक्षकाचे ‘तित्सेर’, रिकामटेकड्याचे ‘इस्तांबाय’ (मूळ इंग्रजी ‘स्टँड बाय’) ही तिची घरगुती उदाहरणे. लोपे के. सांतोस यांच्या १९४० च्या व्याकरणातून रूढ झालेल्या ‘आबाकादा’ वर्णमालेत वीस अक्षरे होती. १९८७ मध्ये ती अठ्ठावीस झाली आणि परकी अक्षरे अधिकृतपणे आत आली. वान्सापानाताईम या शब्दाला मात्र त्या नव्या अक्षरांपैकी एकही लागत नाही, तो जुन्या विसांतच बसतो. नाव उसने असले तरी त्याला कपडे पुरते देशी चढवले आहेत. त्यामुळे दुसरा उलगडा अधिक पटतो. दोन्हींचा परस्परांशी विरोध आहे असे नाही.

पूर्वपीठिका : या कार्यक्रमाचे मूळ परदेशी परीकथांत शोधण्याचा मोह होतो. पण ठरावीक वारी, ठरावीक वेळी, घरातल्या सर्वांसाठी एक अद्भुत गोष्ट हा साचा फिलिपीन्समध्ये दूरचित्रवाणीच्या बराच आधी, छापील साप्ताहिकात घडला. ‘लिवायवाय’ (अर्थ : पहाट) हे तागालोग साप्ताहिक १९२२ मध्ये निघाले. त्याचे संपादक सेवेरिनो रेयेस (१८६१–१९४२) हे त्या आधीच ‘वालांग सुगात’ (१९०२) या संगीत नाटकामुळे प्रसिद्ध होते. तागालोग सार्सुएलाचे, म्हणजे तिथल्या संगीत रंगभूमीचे, जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९२५ मध्ये त्यांनी ‘आंग प्लाउतिन नि पेरिकिंग’ (पेरिकिंगची बासरी) ही गोष्ट छापली आणि खाली स्वतःचे नाव न घालता ‘लोला बास्यांग’ अशी सही केली. लोला म्हणजे आजी.

ही आजी कोण, याविषयी सामान्यतः स्वीकारली जाणारी हकीकत अशी : मनिलाच्या कियापो भागात राहणाऱ्या हेर्वासिया गुस्मान दे सामोरा या वृद्ध बाई संध्याकाळच्या सुमारास मुलांना भोवती जमवून गोष्टी सांगत आणि त्यांना आजूबाजूचे ‘बास्यांग’ म्हणत. अंकात जागा उरली, मजकूर कमी पडला, तेव्हा रेयेस यांना त्या आठवल्या, असे सांगतात. जागा भरण्याचा तपशील सांगोवांगीचा वाटतो. संपादकांच्या आठवणींत अशी रिकामी जागा फार सोयीस्करपणे सापडते. नावाबद्दल मात्र शंका घेण्याचे कारण नाही, कारण हेर्वासियाचे लाडके रूप बास्यांग असे सहज होते. बासष्टी ओलांडलेल्या नाटककाराने आजीचा आवाज घेऊन पुढे लिहिलेल्या गोष्टींची संख्या सर्वसाधारणपणे चारशेहून अधिक मानली जाते. त्यांत राजपुत्र, जादूची वाद्ये, राक्षस आणि शहाणी गरीब मुले आहेत. बरेचसे कथाबीज युरोपीय आहे, सांगण्याची ढब मात्र मनिलाच्या ओसरीवरची.

त्याही मागे गेले तर स्पॅनिश काळातल्या ‘आवित’ व ‘कोरिदो’ या पद्यकथा लागतात. रात्री गाऊन ऐकणाऱ्याला झोपवणाऱ्या जादुई पक्ष्याची ‘इबोंग आदार्ना’ ही त्यांतली सर्वांत परिचित. लोककथांचे संकलन डीन फॅन्सलर (१९२१) यांनी आणि पुढे अनेक खंडांत दामियाना युहेन्यो यांनी केले. फिलिपीन्सचे राष्ट्रीय नायक, लेखक होसे रिसाल यांनी माकड आणि कासवाची गोष्ट १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये चित्रांतून मांडली, ती पाझ पार्दो दे तावेरा यांच्या वहीत. या पाझबाईंच्या भावाशी पुढे पुन्हा गाठ पडेल. विसाव्या शतकाच्या मध्यास हा सारा ऐवज ‘कोमिक्स’ म्हणजे चित्रकथांत उतरला : मार्स रावेलो यांची अतिमानवी नायिका दार्ना (१९५०), फ्रान्सिस्को कोचिंग यांचा पेद्रो पेन्दुको (१९५४, पुन्हा ‘लिवायवाय’मध्येच). वान्सापानाताईमच्या लेखकांना घरात तयार सापडलेली शिदोरी ही.

कथाविश्व : नेहमीचा साचा सांगायला सोपा आहे. एका साध्या घरातल्या मुलाला वा मुलीला जादूची वस्तू किंवा अमानवी सोबती मिळतो, हाव किंवा हट्ट यांपायी त्याचा दुरुपयोग होतो, घोटाळा वाढतो, आणि शेवटी ‘आराल’ पदरात पडतो. आराल म्हणजे धडा, तात्पर्य. ‘उतू नकोस, मातू नकोस’ हे कहाणीच्या शेवटी आपल्याला जसे अपेक्षित असते, तसाच तिथल्या प्रेक्षकाला आराल अपेक्षित असतो. तो नसेल तर गोष्ट अर्धी वाटते.

अमानवी पात्रांची गर्दी तिथल्या लोकश्रद्धेतली. वारुळात राहणारा नुनो, घोड्याच्या तोंडाचा तिकबालांग, झाडावर बसून विडी ओढणारा काप्रे, खोडकर दुवेंदे, आणि दिवाता. त्यांच्या नावांत त्या बेटांचा इतिहास थरांनी साठला आहे. दुवेंदे सरळ स्पॅनिशमधला. काप्रे हा स्पॅनिश ‘काफ्रे’वरून, आणि तो अरबी ‘काफिर’वरून. दिवाता मात्र संस्कृत ‘देवता’.

या शेवटच्या शब्दावर थोडे थांबणे आवश्यक आहे. पाझ यांचे बंधू त्रिनिदाद पार्दो दे तावेरा यांनी तागालोगमधील संस्कृत शब्दांवर १८८७ मध्ये पॅरिसहून पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे फिलिपिनो भारतविद् हुआन आर. फ्रान्सिस्को यांनी हा विषय अधिक काटेकोरपणे हाताळला. हे शब्द भारतातून थेट आले की मलय व जावानी भाषांच्या मार्फत, हा जुना वाद. आज कल दुसऱ्या मताकडे आहे आणि शब्दांची बदललेली रूपे पाहता तोच योग्य दिसतो. काळाविषयी एकच भक्कम खुंटी हाती आहे : लागुना येथील ताम्रपट. त्यावर शके ८२२, म्हणजे इ. स. ९०० हे वर्ष आहे. आंतून पोस्टमा यांनी त्याचे वाचन केले. जुन्या मलयात, संस्कृत शब्द पेरून लिहिलेला हा कर्जमुक्तीचा लेख आहे. त्यात ‘देवाता’ हा शब्द येतो, पण तो देवतेच्या अर्थी येतो असे म्हणता येत नाही. मिंदनाओ बेटावरील बुतुआनजवळच्या दिवाता या ठिकाणाचे ते नाव असावे, असे एक वाचन आहे. दिवंगत अधिकाऱ्यासाठी वापरलेला तो आदरार्थी शब्द असावा, असे दुसरे. शब्द दहाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिथे पोहोचला होता, एवढेच यावरून खात्रीने निघते.

लोकश्रद्धेतली दिवाता ही डोंगराची किंवा वनाची रक्षक. लागुना प्रांतातील माकिलिंग पर्वताची मारिया माकिलिंग ही तिचे सर्वपरिचित रूप. ती प्रसन्न होते तशी कोपतेही, आणि तिच्या हद्दीतून जाताना ‘ताबी-ताबी पो’ (जरा बाजूला व्हा हं) म्हणण्याची रीत आहे. पडद्यावरच्या दिवातेला मात्र पंख आणि जादूची काठी फुटते आणि ती युरोपीय परीची बहीण दिसू लागते. हा बदल या मालिकेने केला असे समजणे चूक ठरेल. चित्रकथा आणि चित्रपट यांनी तो आधीच केला होता.

रूपबदल : पहिल्या पर्वात गोष्ट साधारणतः एका बैठकीत संपत असे. दुसरे पर्वही आरंभी, शनिवारच्या वेळेत असताना, त्याच वाटेने गेले. पुढे ते रविवारी आले आणि हळूहळू एकाच कथेला अनेक आठवडे मिळू लागले. प्रत्येक कथेला स्वतंत्र शीर्षक, ठरावीक प्रमुख नट आणि लहान मालिकेचा आटोप आला. या टप्प्यातल्या कार्यक्रमाला ‘स्वतंत्र कथांची माला’ म्हणावे का, असा प्रश्न उभा राहतो. तिथे अद्भुतरम्य धारावाहिकांसाठी ‘फांतासेर्ये’ आणि ‘तेलेफांतास्या’ असे शब्द रूढ आहेत. पहिला एबीएस-सीबीएनच्या गोटातला, दुसरा प्रतिस्पर्धी जीएमए वाहिनीच्या. २००४ मध्ये ‘मारिना’ आणि ‘मुलाविन’ यांच्या यशाने हे लांब पल्ल्याचे प्रकार प्रस्थापित झाले, आणि पुढच्याच वर्षी वान्सापानाताईमचे पहिले पर्व थांबले. एकामुळेच दुसरे घडले असे ठामपणे म्हणता येत नाही, पण दुसऱ्या पर्वाने त्या प्रकाराची लांबी थोडीफार उचलली हे स्पष्ट दिसते. कथेनंतर पात्रे पुरती बदलत होती, हे पाहता जुने वर्गीकरण कायम ठेवणे बरे.

लांबलेल्या कथांची शीर्षके हा शब्दखेळाचा वेगळाच नमुना आहे. ‘यामिशिताज ट्रेझर्स’ (२०१५) मागे दुसऱ्या महायुद्धातील जपानी सेनापती यामाशिता आणि त्याने बेटांवर पुरून ठेवल्याच्या दंतकथेतला खजिना आहे. ‘इकाव आंग घोस्तो को’ मध्ये ‘गुस्तो को’ (मला आवडतोस) आणि इंग्रजी ‘घोस्ट’ म्हणजे भूत यांची गाठ मारली आहे. ‘ऑफिशियली युअर्स’ मध्ये इंग्रजी ‘फिश’ म्हणजे मासा शिरला आहे, तर ‘जेली इन अ बॉटल’ मध्ये बाटलीतला जिन्न नायिकेचे नाव घेऊन बसला आहे. मूळ नावातला इंग्रजी मोडून देशी करण्याचा खेळ इथे उलटून इंग्रजीतच खेळला गेला.

प्रसारणाची परिस्थिती : १९९० च्या दशकात एबीएस-सीबीएनच्या छत्राखाली मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रमांची फळी उभी राहिली होती, विज्ञानाचे ‘सिनेस्क्वेला’ (१९९४) आणि मूल्यशिक्षणाच्या अद्भुतकथा सांगणारे ‘हिराया मानावारी’ (१९९५) हे त्यांतले. वान्सापानाताईम त्यांचे धाकटे भावंड, पण शाळेच्या वेळेत न बसता सुटीच्या संध्याकाळी बसलेले. १९९७ मध्येच बाल-दूरचित्रवाणीविषयक कायदा (प्रजासत्ताक कायदा ८३७०) झाला. त्यानुसार प्रत्येक वाहिनीने दिवसाच्या प्रसारणवेळेपैकी किमान १५ टक्के वेळ बालस्नेही कार्यक्रमांना द्यावा असे ठरले. मालिका कायद्यामुळे सुरू झाली असे कधीकधी गृहीत धरले जाते. क्रम पाहता मालिका काही महिने आधीची आहे.

एबीएस-सीबीएनच्या प्रसारण-परवान्याची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि ५ मे रोजी वाहिनी बंद झाली. १० जुलैला संसदीय समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नवा परवाना नाकारला. वान्सापानाताईम त्याच्या वर्षभर आधीच संपले होते, त्यामुळे दोहोंचा संबंध जोडू नये. जुने भाग त्याच समूहाच्या ‘जीपनी टीव्ही’ या पुनःप्रसारण-वाहिनीवर दिसत राहिले.

तुलना : एप्रिल २०१७ मध्ये जीएमएने ‘दाइग कायो नांग लोला को’ सुरू केले. शीर्षकाचा अर्थ ‘माझी आजी तुम्हा सगळ्यांवर मात करते’ असा. वान्सापानाताईमला कायमचा कथेकरी नव्हता. इथे तो परत आला, लोला गोरेंग या आजीच्या रूपाने. १९५० च्या दशकापासून चित्रपटांत गाजलेल्या ग्लोरिया रोमेरो यांनी ती वठवली. त्या आधी २००७ मध्ये याच वाहिनीने लोला बास्यांगच्या गोष्टी मानिलिन रेनेस यांना घेऊन केल्या होत्या. २०१७ ते २०१९ या काळात रविवारच्या संध्याकाळी दोन्ही वाहिन्यांवर दोन गोष्टी चालू असत, आणि त्यांतल्या नव्या गोष्टीतली आजी जुन्या ‘लिवायवाय’मधल्या आजीच्या अधिक जवळची होती.