घरातल्या माणसावर गुन्हा दाखल झाला तर
(आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक)

आम्ही शिवाजीनगर न्यायालयात फौजदारी खटल्यांत आरोपीच्या बाजूने काम करतो. पहिल्या भेटीत जवळपास प्रत्येक जण विचारतो, "वकीलसाहेब, किती दिवसांत सुटेल?" याचं उत्तर एफआयआर वाचल्याशिवाय देता येत नाही. कलमं कोणती, गुन्हा जामीनपात्र आहे का, शिक्षा किती वर्षांची, हे आधी बघावं लागतं. घटनेची तारीखही नक्की सांगा. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते, त्याआधीच्यांना जुनी भादंवि, म्हणजे भारतीय दंड संहिता.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस देतात. नोटीस म्हणजे अटक नव्हे. ठरलेल्या दिवशी हजर राहा, गेल्याची पोच घ्या. घाबरून गावाला निघून गेलात, तर अटकेला कारण आपणच दिलं असं होतं.

अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं. अटकेचं कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि रिमांडच्या, म्हणजे कोर्ट कोठडी ठरवतं त्या वेळी आम्ही आधी तेच तपासतो. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे बहुतेक वेळा येरवडा तुरुंग. गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत पोलिसांचं दोषारोपपत्र (चार्जशीट) कोर्टात आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. मात्र त्यासाठी अर्ज वेळेत पडावा लागतो, म्हणून हे दिवस आम्ही डायरीत मोजत असतो.

आमचं खरं काम उलटतपासणीत असतं. समजा, साक्षीदार म्हणाला, "रात्री अकराला वीस फुटांवरून चेहरा ओळखला." आम्ही घटनास्थळाचा पंचनामा उघडतो. तिथे दिव्याच्या खांबाची नोंद आहे का? नकाशात मध्ये भिंत दाखवली आहे का? एवढ्या एका ओळीवर साक्ष टिकते किंवा ढासळते. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते, पण त्यांचा पुरावा बारकाईने तपासून घेणं आमच्याकडे असतं.

म्हणून आमच्यापासून काही लपवू नका. झालेल्या घटनेबद्दल तुम्ही वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं, कायद्यानेच तसं बंधन घातलं आहे. लपवलेली गोष्ट भर कोर्टात समोर आली, तर आम्हाला तिथे सावरायला वेळ मिळत नाही.

फी झेपत नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यात कमीपणा काही नाही.

आणि जामीनदार आधीच बघून ठेवा. दुपारी जामीन मंजूर होऊनही कागद अपुरे म्हणून माणूस ती रात्र आतच काढतो, हे आम्ही फार वेळा पाहिलं आहे. जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि पगारपत्रक, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, सगळं मूळ प्रतींसह एका पिशवीत ठेवून तारखेला सकाळीच घेऊन या.