चान्स घेण्याआधीचे तीन महिने

“आधी दहा किलो कमी करा, मग बघू.” वजन जास्त आहे आणि मूल हवं आहे, अशा बाईला हे वाक्य दवाखान्यात हमखास ऐकायला मिळतं. सासरी-माहेरी तर मिळतंच मिळतं. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे.

नेदरलँड्समधल्या २३ रुग्णालयांनी या सल्ल्याची रीतसर परीक्षा घेतली आणि २०१६ साली निकाल जाहीर केला. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचं माप) २९ किंवा त्याहून जास्त असलेल्या, दिवस राहत नसलेल्या ५७७ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाने सहा महिने आहार-व्यायाम करायचा आणि मग उपचार घ्यायचे, तर दुसऱ्या गटाचे उपचार लगेच सुरू करायचे. पहिल्या गटाचं वजन सरासरी ४.४ किलोंनी उतरलं. मात्र दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, एकच, निरोगी बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचं प्रमाण या गटात २७.१ टक्के होतं आणि थेट उपचार घेतलेल्यांत ३५.२ टक्के. थोडक्यात, थांबलेल्या मागे पडल्या. पण त्याच आकडेवारीत आणखी एक गोष्ट होती. औषधोपचारांशिवाय, आपसूक दिवस राहण्याचं प्रमाण थांबलेल्या गटात २६.१ टक्के निघालं, दुसऱ्या गटात १६.२ टक्के.

माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे. वजन हा टोलनाका करू नये. सदतिशीच्या बाईला ‘दहा किलो कमी झाल्यावर या’ म्हणणं म्हणजे तिचे मोलाचे महिने खर्ची घालणं. पंचविशीतल्या, पीसीओडीमुळे (बीजकोशातल्या संप्रेरकांच्या बिघाडामुळे) पाळी दोन-दोन महिने लांबणाऱ्या मुलीला मात्र चार किलोंनीही फरक पडू शकतो, आणि कदाचित पुढचे उपचार लागणारही नाहीत.

चार किलोंनी एवढं काय होतं? पोटातली चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. हे जादा इन्सुलिन बीजकोशाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. त्यात बीज अर्धवट वाढून थांबतं, अंडं फुटत नाही आणि पाळी लांबते. वजन पाच टक्क्यांनी जरी उतरलं, म्हणजे ६८ किलोंच्या बाईचं साडेतीन किलोंनी, तरी हे चक्र सैल होऊ लागतं. वजनकाट्यावर फारसं काही दिसत नसतं, पण रक्तातलं इन्सुलिन उतरलेलं असतं.

आपल्याकडे या गोष्टीला वेगळं महत्त्व आहे, कारण तेवढ्याच बीएमआयला भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणून आपल्यासाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात. पाच फूट एक इंच, म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीला ती साधारण ५५ किलोंवर येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथे जन्मलेली बाळं वजनाने कमी, पण चरबीने तेवढी कमी नव्हती. याच अभ्यासात सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळलं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फॉलेट (फॉलिक अ‍ॅसिड ज्या जातीचं, ते जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची होईतो इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती.

म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चान्स घेण्याआधी सुरू करावीच (बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती नळी, गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, तोवर कित्येकींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो), पण सोबत बी-१२ तपासून घ्यावं. पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध चालू असेल तर नक्कीच, कारण ते बी-१२ आणखी उतरवतं. वजन जास्त असताना फॉलिक अ‍ॅसिडचा डोस किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं. त्याच वेळी रक्तातली साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्यावं.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेला एक प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. मूल हवं असलेल्या स्त्रियांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ दिला जायचा. तो केंद्रावर येऊन, कार्यकर्त्यांसमोर खायचा. दुसऱ्या गटालाही खाऊच मिळायचा, पण बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक जिनसांचा. गरोदरपणातला मधुमेह पहिल्या गटात ७.३ टक्के स्त्रियांना झाला, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. यातल्या बहुतेक बायका लठ्ठ नव्हत्या आणि वजन घटवणं हा हेतूही नव्हता. ताटात काय पडतं, एवढाच फरक. हा खाऊ गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून सुरू करायचा, असा बेत होता. उलट ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये जादा वजनाच्या स्त्रियांचा आहार दिवस राहिल्यानंतर बदलून पाहिला, तेव्हा मधुमेह काही टळला नाही.

आपल्या घरातलं ताट बघा. संकष्टी, गुरुवार, श्रावणी सोमवार: खिचडीतला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर बटाटा. उपवासाच्या दिवशी साखर चढते ती अशी. त्याऐवजी राजगिरा, भगर, दही, मूठभर शेंगदाणे. एरवी भाकरी एक कमी, मटकीची उसळ दुप्पट. चहा दिवसातून चार वेळा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असेल, तर सगळ्यात सोपी कपात तिथेच आहे. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं की स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर उचलतात. घरकाम हा व्यायाम धरू नये. दम लागेल असं चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं तरी हवं. आणि नवराही सोबत असावा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्याचं पोट आणि त्याची सिगारेट त्यात धरलेलीच आहे.

आता वजनाची इंजेक्शनं भारतातही मिळतात, तेव्हा त्यांच्याबद्दल. सेमाग्लुटाइड घेत असाल तर चान्स घेण्याआधी किमान दोन महिने बंद करावं लागतं, टिर्झेपटाइड किमान एक महिना. टिर्झेपटाइड सुरू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर चार-चार आठवडे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो, तेव्हा कंडोम वापरायला सांगतात. शिवाय वजन उतरलं की वर्षभर रुसलेली पाळी अचानक सुरळीत होऊ शकते. ‘मला कुठे दिवस राहतात’ म्हणून निर्धास्त असलेल्या बाईला इंजेक्शन चालू असतानाच दिवस राहू शकतात. चान्स घ्यायचा आहे की नाही, हे पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच डॉक्टरांना सांगून टाकावं.