सावत्र मुलांचं दत्तकविधान: अर्ज नेमका कुठे अडतो

"राजपत्रात नाव बदललं, आधारवर नवं आडनाव आलं, शाळेनेही लावून घेतलं. मग आता दत्तक कशाला?" असं अनेक जोडपी विचारतात. राजपत्राने नाव बदलतं, बाप बदलत नाही. नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर केलेल्या ‘दत्तकपत्रा’चंही तेच. सावत्र वडील मृत्युपत्र न करता गेले, तर ज्याला त्यांनी दहा वर्षं वाढवलं तो मुलगा वारसांत धरला जात नाही.

कायदेशीर मार्ग बाल न्याय अधिनियम, 2015 चा. तो सर्व धर्मांना लागू आहे. नवरा-बायको दोघांनी मिळून ‘कारा’च्या (केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या) पोर्टलवर नोंदणी करायची, पुढचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत चालतं. 2021 च्या दुरुस्तीने आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आला, ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू आहे. इतर दत्तक पालकांना असलेली वयाची आणि लग्नाला दोन वर्षं झाल्याची अट सावत्र पालकाला नाही. ओळखपत्र, पॅन, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, फोटो हे सगळं एका आठवड्यात जमतं.

जमत नाही ते पहिल्या लग्नाचं. एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, घड्यांवर फाटत आलेला कागद घेऊन आल्या होत्या: पाच पंचांच्या सह्यांची सोडचिठ्ठी. त्यावरच त्यांनी आळंदीला दुसरं लग्न केलेलं. अशा फारकतीला समाज मानतो, अर्ज तपासणारा मात्र घटस्फोटाचा हुकूमनामा मागतो. तो नसेल तर दुसऱ्या लग्नाच्या वैधतेवरच प्रश्न येतो आणि सावत्र पालक ‘पालक’ ठरत नाही. म्हणून आधी कौटुंबिक न्यायालय, मग विवाह नोंदणी, मग पोर्टल. जन्मदाता वारला असेल तर मृत्यू दाखला पुरतो.

दुसरी अडचण संमतीची. हुकूमनाम्यात "मुलांचा ताबा आईकडे" असं वाचून लोक निर्धास्त होतात. ताबा म्हणजे संमती नव्हे! जन्मदाता हयात असेल तर त्याची लेखी संमती ठरलेल्या नमुन्यातच लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं "माझी हरकत नाही" चालत नाही. ताब्याचा दावा चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत दत्तकाची प्रक्रिया सुरूच होत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत आहे? लोक सहा महिने खेटे घालतात आणि मग त्यांना हे कळतं.

मुलं मोठी असतील तर वयाकडे नीट बघा. या कायद्यात मूल म्हणजे 18 वर्षं पूर्ण न झालेलं. "बारावी होऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्यांची संधी कायमची जाते. हिंदू दत्तक कायद्यात तर मर्यादा 15 वर्षांचीच आहे. रूढी असेल तरच त्यापुढे जाता येतं, आणि जुन्या मुंबई प्रांतातली तशी रूढी न्यायालयांनी मान्य केलेली आहे. पण त्या कायद्यात आधीचा मुलगा हयात असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, हे बरेच जण विसरतात.

पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते. त्याला पढवून नेऊ नका. अकरावीतला एक मुलगा म्हणाला होता, "बाबा हेच, पण आडनाव पहिलंच राहू दे." घरी हे त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

आणखी एक, कळकळीने सांगते. दत्तकानंतर जन्मदात्याच्या घराशी कायद्याचं नातं तुटतं. वारलेल्या वडिलांकडून मुलाकडे आधीच आलेला जमिनीचा हिस्सा त्याचाच राहतो, तेव्हा सातबाऱ्यावर वारसनोंद झाली आहे का ते आधी बघा. पण त्या घरचे आजोबा पुढे मृत्युपत्राशिवाय गेले, तर त्यांच्या मालमत्तेवर नातू म्हणून हक्क सांगता येणार नाही. सही करण्याआधी मुलासमोर बसून हे बोला.

आदेश हातात आला की पहिली दुरुस्ती जन्म दाखल्यात, जिथे जन्म नोंदवला त्याच कार्यालयात. आधार आणि शाळा त्यानंतर.